काळाच्या मागे जाता येईल काय?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी यांबद्दल दोन शब्द ऐकायला मिळतील म्हणून आलेल्या पालकांना 'कालप्रवासाचे नियम' हा पोरखेळ वाटणे साहजिक आहे. मागच्या काळात जाणे, पुढच्या काळात उडी मारणे या गोष्टी सिनेमात शोभतात. शाळेच्या मंडपात त्यांचे काय काम? परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत जगातल्या अत्यंत काटेकोर डोक्याच्या माणसांनी या प्रश्नावर रीमच्या रीम कागद खर्ची घातला आहे आणि त्यांत आपल्या महाराष्ट्राची माणसेही आहेत. त्यांनी यंत्र बनवले नाही. त्यांनी विचारले ते एवढेच की, असे यंत्र निघालेच तर त्याला कोणते नियम पाळावे लागतील? हाती यंत्र नसताना त्याचा नियम कसा मांडायचा, ती रीत तुम्हांला दाखवावी एवढाच माझा हेतू आहे.

उर्दूत आपण सरकारच्या हुकमालाही कानून म्हणतो आणि निसर्गाच्या रीतीलाही कानूनच म्हणतो. मराठीने येथे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, कायदा आणि नियम. कायदा मोडता येतो, मग शिक्षा होते. नियम मोडतच नाही. आणि एकदा जरी मोडलेला दिसला तरी शिक्षा नियमालाच होते, तो रद्द होतो. आज आपण बोलणार आहोत ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

नियम करायचा तर आधी शब्द पक्के हवेत. 'वेळ' म्हणजे काय? रमजानचे वेळापत्रक प्रत्येकाच्या घरी भिंतीला लागलेले असते. मुंबईचे आणि आपले वेळापत्रक शेजारी शेजारी धरून पाहा. घड्याळ दोन्हीकडे एकच, भारतीय प्रमाणवेळेचे. पण इफ्तार आपल्याकडे सुमारे दहा मिनिटे आधी. कारण आपले शहर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ अडीच रेखांश आहे आणि पृथ्वीला एक रेखांश फिरायला चार मिनिटे लागतात. आपण खजूर तोंडात टाकतो त्या क्षणी भायखळ्याचा भाचा रोजाने असतो. दोघांपैकी चुकीचा कोणीच नसतो. म्हणून कोणतेही विधान करण्याआधी 'कोणाच्या घड्याळाने?' हा प्रश्न विचारावा लागतो. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी हा प्रश्न पार तळापर्यंत नेला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे घड्याळाचे आकडेच तेवढे निरनिराळे असतात असे नाही. वेगाने जाणाऱ्या घड्याळाची चालच स्थिर घड्याळाच्या मानाने मंद होते.

माणसाच्या मनाला ही कल्पना नवी नव्हती. अस्हाबे-कहफ यांचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो. गुहेत झोपलेले तरुण जागे होतात, आपण एखादा दिवस झोपलो असे समजतात आणि जुने नाणे घेऊन बाजारात माणूस पाठवतात. तेथे मुदत सांगितली आहे तीनशे वर्षे आणि वर नऊ. ३०० सौर वर्षांचे दिवस होतात साधारण १,०९,५७३. त्यांना चांद्र वर्षाच्या सुमारे ३५४.३७ दिवसांनी भागले की ३०९ येतात. जुन्या तफसीरकारांनीही हा सौर-चांद्र हिशेब दाखवलेला आहे. मुलांनी घरी करून पाहावा. आपल्या हिंदू बांधवांच्या पुराणांत रैवत राजाची कथा आहे. मुलीसाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकी जातो, थोडा वेळ थांबतो आणि परत येतो तो पृथ्वीवर युगे लोटलेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. मेराजचा वाकिया आइन्स्टाइनने सिद्ध केला, असे काही वक्ते जलशातून सांगतात आणि टाळ्या घेतात. मला हे पसंत नाही. शास्त्राचा सिद्धांत उद्या बदलू शकतो, बदलणे हा त्याचा धर्मच आहे. ईमानाला असल्या हलत्या खांबाचा आधार देऊ नये आणि शास्त्रालाही आपल्या श्रद्धेच्या साक्षीदाराचे काम सांगू नये.

आता पुढच्या काळात जाण्याचा नियम. हा पक्का आहे, मोजलेला आहे. समजा, वीस वर्षांच्या दोन जुळ्या बहिणी आहेत. एक येथेच राहिली. दुसरी प्रकाशाच्या चार-पंचमांश वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटरने, चार प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याकडे गेली आणि तशीच परतली. घरच्या कॅलेंडरवर दहा वर्षे गेली. प्रवासी बहिणीच्या घड्याळात सहाच. एक तीस वर्षांची, दुसरी सव्वीसची. सव्वीस वर्षांची मुलगी चार वर्षे पुढच्या काळात पोहोचली, असे म्हणायला शास्त्राची हरकत नाही.

असे यान कोणाजवळ नाही, हे खरे. पण निसर्गाजवळ आहे. अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणात दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण जन्मतात. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या २.२ पट. एवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही जेमतेम ६६० मीटर तोडता येतील. तरी ते जमिनीवर पोहोचतात, या क्षणी तुमच्या-आमच्या अंगातून जात आहेत. त्यांचे घड्याळ आपल्या मानाने मंद चालते म्हणूनच हे घडते. अशा कणांच्या आयुष्यावरून सापेक्षतेची थेट परीक्षा घेता येईल हे १९३८ साली ज्यांनी दाखवून दिले, ते होमी भाभा मुंबईत जन्मलेले. पुढे ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोघा अमेरिकनांनी अणुघड्याळे प्रवासी विमानांत बसवून पृथ्वीप्रदक्षिणा घातली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे सेकंदाच्या अब्जांश भागाच्या ५९ पट मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ पट पुढे गेली. आइन्स्टाइनच्या गणिताशी हे आकडे मोजमापाच्या मर्यादेत जुळले.

याचा उपयोग काय, हा पालकांचा प्रश्न मी गृहीत धरतो. तुमच्या खिशातला मोबाइल रस्ता दाखवतो तो उपग्रहांवरच्या घड्याळांच्या भरवशावर. ती घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या ३८ पट पुढे जातात. वेगामुळे थोडी मंदावतात, पण वर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने त्याहून अधिक जलद होतात. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अंतराची चूक ११ किलोमीटरवर जाईल. क्रांती चौकात उभा असलेला माणूस दौलताबादच्या वाटेवर बराच पुढे दिसेल.

मागच्या काळाकडे पाहणेही सोपे आहे. दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अल्-सूफी यांनी आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात एका अंधुक ढगाची नोंद केली. तीच देवयानी दीर्घिका. तिचा जो प्रकाश त्यांच्या डोळ्यांत शिरला तो सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला होता. पण पाहणे वेगळे आणि तेथे जाऊन हात घालणे वेगळे. खरी पंचाईत तेथेच सुरू होते.

ही पंचाईत आपल्याच शहराच्या उदाहरणाने समजून घ्या. १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली. तीच पुढे फतेहनगर झाली, मग औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. आज येथून एक विद्यार्थी निघाला, १६१० मध्ये पोहोचला आणि त्याने मलिक अंबरला पटवले की, बाबा, येथे पाण्याची ददात आहे, शहर दुसरीकडे बसव. मलिक अंबरने ऐकले. मग नहरे-अंबरी नाही, शहर नाही, त्या विद्यार्थ्याचे घर नाही, तो जन्मलाच नाही. मग मलिक अंबरला सल्ला द्यायला गेले कोण? आणि कोणी गेलेच नसेल तर शहर वसले, विद्यार्थी जन्मला, तो गेला... ही चक्की थांबत नाही.

असे घडणार नाही, एवढे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण आइन्स्टाइनची समीकरणे त्याला सरसकट मनाई करीत नाहीत. कुर्ट गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने १९४९ साली आइन्स्टाइन यांच्या सत्तरीच्या निमित्ताने एक फिरते विश्व गणिताने मांडले. त्या विश्वात सतत पुढेच चालत राहिलेला माणूस आपल्याच भूतकाळात येऊन पोहोचतो, गोल रस्त्यावर चालणारा पुन्हा आपल्या दारी येतो तसा. आपले विश्व तसे फिरताना दिसत नाही, ही वेगळी बाब. १९७४ साली टिप्लर यांनी अतिप्रचंड फिरत्या दंडगोलाभोवती अशीच वाट दाखवली, पण दंडगोल अनंत लांबीचा हवा. १९८८ मध्ये किप थॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृमिविवराचा मार्ग सुचवला. अवकाशातल्या दोन जागा जोडणारा बोगदा घ्यायचा, त्याचे एक तोंड वेगाने फिरवून आणायचे. जुळ्या बहिणींप्रमाणे त्या तोंडाचे घड्याळ मागे राहील आणि बोगद्यातून शिरणारा आधीच्या वेळी बाहेर पडेल.

आता नियम येतो, आणि तो कोलकात्याहून येतो. अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली एक समीकरण प्रसिद्ध केले, ते आज त्यांच्याच नावाने जगभर शिकवले जाते. त्याचा अर्थ थोडक्यात असा की, साधे द्रव्य जवळून जाणाऱ्या किरणांना एकत्र ओढते, भिंग ओढते तसे. बोगदा उघडा राहण्यासाठी मात्र आत शिरून एकवटलेले किरण बाहेर पडताना फाकले पाहिजेत. तेव्हा बोगद्याच्या भिंतीला ऋण ऊर्जेचे द्रव्य लागेल. एखाद्याने 'हे अशक्य' म्हणून हात झटकणे आणि रायचौधुरींसारख्याने 'हे करायचे तर अमुक किंमत मोजावी लागेल' असे आकड्यांत सांगणे, यांतला फरक विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा.

समजा, किंमत मोजली आणि बोगदा झाला. मलिक अंबरच्या कोड्याचे काय? यावर रशियाचे नोविकोव्ह व इतरांनी सुसंगतीचा नियम मांडला. जे घडले ते एकदाच घडले, त्यात पाहुणाही आधीपासून धरलेला आहे. तुम्ही १६१० मध्ये जाल, बोलाल, पण शहर वसेलच. कदाचित तुमच्या बोलण्यामुळेच मलिक अंबरला पाण्याची चिंता लागेल आणि तो नहर खोदवील. हा निव्वळ शब्दांचा खेळ वाटू नये म्हणून थॉर्न यांच्या गटाने १९९१ मध्ये बिलियर्डच्या चेंडूचे गणित केले. आपण कॅरम घेऊ. स्ट्रायकर एका भोकात शिरतो, क्षणभर आधी दुसऱ्या भोकातून बाहेर येतो आणि भोकाकडे निघालेल्या स्वतःलाच टोला देतो. टोला जोरात बसला तर स्ट्रायकर भोकात जाणारच नाही. मग टोला दिला कोणी? गणितात उत्तर निघाले. टोला निसटता बसतो, स्ट्रायकर किंचित वाकडा होऊन भोकात शिरतो, वाकडा शिरला म्हणून वाकडा बाहेर येतो आणि म्हणूनच टोला निसटता बसतो. सगळे जमले! पण एक नवीच अडचण उभी राहिली. एकाच सुरुवातीपासून अशी सुसंगत उत्तरे एक नाही, अगणित निघाली. त्यांतले कोणते घडेल हे नियम सांगत नाही. म्हणजे विरोध टळला, पण भाकीत गेले. भाकीत न करणाऱ्या नियमाला किती गुण द्यायचे, हे गणिताच्या शिक्षकांनी ठरवावे.

दुसरी वाट अनेक जगांची. तुम्ही ढवळता तो भूतकाळ तुमचा नसतोच, शेजारच्या जगाचा असतो. ही कल्पना मराठी वाचकाला ओळखीची आहे ती जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेमुळे. त्यातले इतिहासाचे प्राध्यापक एका अपघातानंतर अशा जगात वावरून येतात की, जेथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे, कारण विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे चुकलेली असते. (त्या लढाईत मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता, हेही मुलांना माहीत असावे.) हीच कथा इंग्रजीत अकरावीच्या एनसीईआरटी पाठ्यपुस्तकात घेतली गेली.

तिसरा नियम स्टीफन हॉकिंग यांचा, १९९२ सालचा. त्यांचे म्हणणे, निसर्ग असा बोगदा तयार होऊच देणार नाही. मंडपात माइक कर्ण्यासमोर नेला की आवाज फिरून फिरून वाढतो आणि शिटी वाजते, हे आपण दर जलशात ऐकतो. तशीच काळाच्या बंद वाटेवर ऊर्जा स्वतःवरच चढत जाईल आणि वाट बंद होण्याआधी मोडेल. २८ जून २००९ रोजी त्यांनी केंब्रिजमध्ये कालप्रवाशांना मेजवानी ठेवली, निमंत्रणे दुसऱ्या दिवसापासून जाहीर केली. कोणी आले नाही. गंमत सोडा, पण एवढ्या मोठ्या माणसाचे हे विधानही आजवर अनुमानच म्हणून ओळखले जाते. कोणी सिद्ध केलेले नाही. शास्त्रात नाव मोठे असल्याने नियम होत नाही.

आता नारळीकरांकडे पुन्हा वळतो, कारण कथाकार म्हणून त्यांना ओळखणाऱ्यांना त्यांचे या प्रश्नावरचे खरे काम ठाऊक नसते. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरलेले आहे. छिन्नीचा एकेक घाव गणितात उलटा चालवून पाहिला तर त्यात चूक सापडत नाही, तरी टवके उडून पुन्हा डोंगर झाला असे कोणी पाहिले नाही. प्रकाशाचे तसेच. दिवा लावला की उजेड नंतर पोहोचतो. मॅक्सवेलच्या समीकरणांतून मात्र दोन उत्तरे निघतात, एक नंतर पोहोचणाऱ्या लहरीचे आणि दुसरे आधी पोहोचणाऱ्या. दुसरे उत्तर आपण खोडतो. का खोडतो? व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये सुचवले की, दिवा दोन्ही लहरी सोडतो, पण विश्वभरचे द्रव्य त्याला जबाब देते आणि त्या जबाबात मागे जाणारी लहर पुसली जाते. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या आणि केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६० च्या दशकात हा प्रश्न प्रसरण पावणाऱ्या विश्वाला लावला. निष्कर्ष असा की, कोणता जबाब मिळणार हे विश्व कोणत्या तऱ्हेचे आहे त्यावर ठरते. त्यांच्या स्थिर-स्थिती विश्वात काळ योग्य दिशेला वाहतो, सतत पसरत राहणाऱ्या महास्फोटी विश्वात हिशेब जुळत नाही. म्हणजे तुमच्या खोलीतल्या दिव्याचा उजेड आधी न येता नंतर का येतो, याचे कारण दूरच्या दीर्घिकांत!

१९६५ मध्ये विश्वाचे पार्श्वप्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९७२ मध्ये ते परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, १९८८ मध्ये पुण्याच्या आयुका संस्थेचे संस्थापक संचालक झाले, १९९३ मध्ये हॉइल व बर्बिज यांच्यासह आपला सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले. त्यांचे विश्व बहुमताने नाकारले. काळाची दिशा आणि विश्वाचा विस्तार यांचा संबंध काय, हा त्यांचा प्रश्न मात्र अजून कोणी नाकारलेला नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. नावाकडे पाहून बक्षीस मिळू नये म्हणून. बक्षीस मिळाले.

पालकहो, आपल्या सभांत बगदाद आणि कुर्तुबाचा उल्लेख झाला नाही असे होत नाही. अल्-सूफींचे नाव मीही आत्ताच घेतले. पण ते आकाशाकडे पाहत होते, आपल्या आजोबांच्या कीर्तीकडे नव्हे. तुमची मुलगी रात्री 'काल परत का येत नाही?' असे विचारील, तेव्हा 'चूप बैस, अभ्यास कर' असे कृपा करून म्हणू नका. तो अभ्यासच आहे.

शेवटी एक कोडे, विद्यार्थ्यांसाठी. सिराज औरंगाबादी हे अठराव्या शतकातले आपल्या शहराचे थोर शायर. समजा, तुमच्यापैकी एकाने त्यांचा दिवाण ग्रंथालयातून घेतला, मागच्या काळात जाऊन तरुण सिराजना दिला आणि त्यांनी तो पाहून जसाच्या तसा उतरवून काढला. तीच प्रत छापली गेली, तीच तुम्ही ग्रंथालयातून घेतली. नोविकोव्हच्या नियमाला येथे काहीही हरकत नाही. कोणी जन्मायचे राहिले नाही, शहर जागच्या जागी आहे, सगळे सुसंगत आहे. पण मग त्या गझला रचल्या कोणी? सिराजनी उतरवल्या, तुम्ही नेऊन दिल्या. रात्री जागून शब्द कोणी शोधले? ऑक्सफर्डचे डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये हा आक्षेप मलिक अंबरच्या कोड्यापेक्षा गंभीर मानला. त्यांच्या मते मेहनतीवाचून ज्ञान उगवते असे मानणारा सिद्धांत त्याज्य समजावा. त्यासाठी त्यांनी पुंज यांत्रिकीचा आधार घेऊन एक तोड सुचवली आहे. ती सर्वांना मान्य नाही. गुरुत्वाकर्षण आणि पुंज यांत्रिकी यांना एकत्र बांधणारा सिद्धांत हाती येईपर्यंत शेवटचा निकाल लागणार नाही, आणि तो सिद्धांत अजून कोणाकडे नाही.

प्रश्न असतील तर आधी विद्यार्थ्यांनी विचारावेत, पालकांनी नंतर.